नागिणीचं तोंड, शेपूट आणि बदललेली किडनी

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "किडनी बदललेल्यांना नागीण निघाली तर इंग्रजी औषध नको, किडनीवर लोड येतो. गेरूचा लेप लावा, उतरवून घ्या. आठ दिवस गोळ्या बंद, गुळवेलीचा काढा सुरू. तोंड-शेपूट जुळलं की माणूस गेला!"

आधी ते तोंड-शेपूट. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत दबा धरून बसतो. पुढे उठतो तो एका नसेच्या वाटेने, म्हणून फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने येतात. दुसऱ्या बाजूची नस वेगळी. मग वेढा पुरा व्हायचा कसा? किडनी बदललेल्यांना भीती आहे ती निराळी. त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. फोड पट्टा सोडून अंगभर उठू शकतात, आजार फुप्फुस, यकृत, मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

"आमच्या अण्णांची तर उतरवून गेली!" गेली असेल. धडधाकट माणसाची नागीण बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत आपसूक सुकते, नाव होतं उतरवणाऱ्याचं.

लोडचं म्हणणं अर्धं खरं आहे. नागिणीच्या विषाणूवरचं औषध असायक्लोव्हिर, त्याचा डोस जास्त झाला आणि अंगात पाणी कमी पडलं, तर त्याचे बारीक स्फटिक किडनीत अडकू शकतात. भुसावळच्या मे महिन्यात हे विसरून चालणार नाही. पण म्हणूनच तर क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघून डोस ठरवतात. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालेलं उत्तम. उशीर झाला तरी अशा रुग्णाला ते देतातच. गेरूने एवढंच होतं की फोड झाकले जातात, डॉक्टरला काही दिसत नाही, आणि फुटलेल्या फोडांत जंतू शिरायची भीती वाढते.

गोळ्या बंद करा हा सल्ला मात्र सरळ घातकी आहे. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मनाने थांबवली तर शरीर ती किडनी नाकारू शकतं, आणि आपल्याकडे ती बहुधा आईने नाहीतर बायकोने दिलेली असते. एखादी गोळी कमी करायचीच असेल तर ते ट्रान्सप्लांटचे डॉक्टर ठरवतील. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून विकतात; इथे तीच तर दाबून ठेवायची आहे! शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं.

फोड दिसले, किंवा नुसतीच एका बाजूला आग-ठणका सुरू झाला, तर नाशिक-सुरतच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन लावा, फोटो आणि क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट पाठवा. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर फोनवरही भागवू नका, थेट दवाखाना गाठा.