डोळ्यांतली चमक आणि कानातली बुगडी पाहून चेहरा खोटा ठरत नाही

एक मेसेज गेल्या काही महिन्यांत मला चार ग्रुपांवरून आला. त्याचा आशय असा: एआयनं बनवलेला चेहरा कुणालाही पाच सेकंदांत ओळखता येतो. दोन डोळ्यांतली चमक जुळते का पाहा, दोन्ही कानांतले दागिने सारखे आहेत का पाहा, बोटं मोजा, कातडी मेणासारखी आहे का बघा. थोडा सराव झाला की नजर चुकत नाही, आणि तरी शंका राहिली तर फोटो तपासणीच्या अ‍ॅपवर टाका. याच खुणा लावून माझ्या मामेबहिणीचा खराखुरा फोटो एका वधू-वर ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘बनावट’ ठरवला गेला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन हे लिहितोय.

या खुणा कुणी मनानं रचलेल्या नाहीत. डिसेंबर २०१८मध्ये एन्व्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी चेहरे बनवणारं स्टाइलगॅन हे तंत्र मांडलं. ते फ्लिकर या फोटोंच्या साइटवरून घेतलेल्या ७० हजार चेहऱ्यांवर शिकवलेलं होतं. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘धिस पर्सन डझ नॉट एग्झिस्ट’ ही साइट आली. तिचं पान उघडावं तेव्हा जगात नसलेल्या माणसाचा नवा चेहरा समोर येई. त्या चेहऱ्यांत खरंच एका कानात झुबा आणि दुसऱ्यात खडा सापडायचा. कुठेतरी पाण्याच्या थेंबासारखा डाग उमटायचा, मान वळली तरी पुढचे दात कॅमेऱ्याकडेच राहायचे. थेंब आणि दात या दोन्हींवर डिसेंबर २०१९च्या स्टाइलगॅन-२मध्ये उपाय झाला. एका वर्षात! आज फिरणारे बरेचसे फोटो तर डिफ्यूजन नावाच्या वेगळ्याच पद्धतीनं बनतात. जुन्या यंत्राच्या खोडी नव्या यंत्रात शोधून काय मिळणार?

डोळ्यांतल्या चमकेचा मुद्दा बफेलो विद्यापीठातल्या सिवेई ल्यू आणि सहकाऱ्यांच्या २०२०च्या कामातून आलेला आहे. काम चांगलंच आहे, पण त्याला अटी आहेत आणि त्या त्यांनीच लिहून ठेवल्यात: चेहरा समोरून हवा, दोन्ही डोळ्यांना तोच उजेड दिसायला हवा, उजेड लांबून यायला हवा. आपल्याकडे फोटो कुठे काढतो आपण? खिडकीशेजारी, दारात, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली. नाकाच्या आडोशानं एका डोळ्यात खिडकी दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. त्यात फोटो तीन ग्रुपांतून फिरून आला की डोळ्यांतल्या चमकेचे चार ठिपके उरतात. त्यावरून माणूस खोटा ठरवायचा?

डोळ्यांची एक खूण मात्र खरोखर उपयोगाची होती आणि ती या मेसेजमध्ये नाही. स्टाइलगॅनला शिकवताना सगळे चेहरे एकाच मापात बसवून दिले होते. त्यामुळे त्यानं काढलेल्या चेहऱ्यांचे डोळे चौकटीत नेहमी एकाच जागी येतात. संशयित खात्यांचे दहा-वीस डीपी एकावर एक ठेवले की डोळे तंतोतंत जुळतात. खोट्या खात्यांची टोळी शोधायला हे कामाला आलं. पण इथंही एकटा फोटो काहीच सांगत नाही, आणि कडा जरा कापल्या किंवा फोटो तिरका केला की ही खूणही जाते.

कानांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर फोटो खोटा, हा नियम ज्यानं केला त्यानं नथ पाहिलेली नाही. आपल्या बायकांचे काही दागिने रीतीनंच एका बाजूला असतात. त्यात फोनचा पोर्ट्रेट मोड कडा अंदाजानं ठरवतो, मागचं धूसर करताना केसांत अडकलेली बुगडी किंवा कुडी त्याबरोबर पुसून टाकतो. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण अशा नजरेला डाग वाटणार. मेणासारख्या कातडीचंही तेच, फोनमधलं ब्यूटी फिल्टर ती फुकटात देतं. बोटांबद्दल एवढंच म्हणतो, की डीपीत बोटं दिसतच नाहीत, आणि सहा बोटांची माणसं असतात.

आता सरावाचा दावा. सोफी नाइटिंगेल आणि हानी फरीद या संशोधकांनी २०२२मध्ये खरे आणि स्टाइलगॅन-२चे चेहरे लोकांपुढे ठेवले. ३१५ जणांची उत्तरं ४८.२ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. दुसऱ्या गटाला खुणा शिकवल्या, प्रत्येक उत्तरानंतर चूक की बरोबर तेही सांगितलं, तरी आकडा ५९ टक्क्यांवर थांबला. वर बनावट चेहरे लोकांना थोडे अधिक विश्वासू वाटले. २०२३च्या आणखी एका अभ्यासात गोऱ्या लोकांचे बनावट चेहरे खऱ्यांपेक्षा जास्त वेळा ‘खरे’ ठरले, आणि ज्यांच्या चुका सर्वाधिक त्यांचा आत्मविश्वासही सर्वाधिक निघाला. ‘नजर चुकत नाही’ म्हणणाऱ्यानं हे वाक्य दोनदा वाचावं.

अ‍ॅपची टक्केवारीही निकाल नव्हे. ती साधनं ज्या यंत्रांचे फोटो पाहून शिकली त्यांना बऱ्यापैकी पकडतात, नवं यंत्र आलं किंवा फोटो दाबून लहान झाला की चुकतात.

आणि या सगळ्या खुणांत पास होऊनही फोटो खोटा असू शकतो. २८ मे २०२३ला दिल्लीत आंदोलक कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्यानंतर गाडीत बसलेल्या विनेश आणि संगीता फोगट हसताहेत असा फोटो देशभर फिरला. माणसं खरी, गाडी खरी, उजेड खरा, फक्त हसू चिकटवलेलं. ते उघडं पडलं ते मूळ फोटो शेजारी ठेवल्यावर. त्यात कुणीही हसत नव्हतं.

म्हणून मी चेहऱ्यात खुणा शोधत नाही, फोटोचा माग काढतो. गूगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे आला होता ते बघतो, पाठवणाऱ्याला कुठून मिळाला विचारतो. स्थळाचा मामला असेल तर त्याच दिवसाचा दुसरा फोटो मागतो, व्हिडिओ कॉल करतो, ओळखीतल्या कुणाला फोन लावतो.

मामेबहिणीचा प्रश्न असाच सुटला. तिच्या भावाच्या फोनमध्ये त्या संध्याकाळचे अकरा फोटो होते. ज्या फोटोवरून बोभाटा झाला त्यात उजव्या कानातली बुगडी धूसर होऊन गेली होती, पुढच्याच फोटोत ती दिसत होती, मामीच्या आईची, एक मोती पडलेली. मामानं अकराही फोटो ग्रुपवर टाकले. ज्यानं आरोप केला होता त्यानं आपला मेसेज गुपचूप पुसला, माफी मागितली नाही. तिनं मात्र त्यानंतर त्या ग्रुपवर फोटो द्यायला नकार दिलाय.