गेज बिघडवलेलं नाही, पण एक चूक आमचीच आहे

नमस्कार. "आधी काटा ३८ वर असायचा, आता ३२ च्या पुढे जात नाही, आणि इंजिन सुरू केल्यावर हलायलाच वीस सेकंद घेतो. चांगलं गेज बिघडवून दिलं," असं तुम्ही आमच्याकडून दुरुस्त होऊन आलेल्या, तुमच्या विमानाच्या ऑइल प्रेशर गेजबद्दल (तेलाचा दाब दाखवणारं गेज) लिहिलंय.

आधी ३२ बद्दल. तुमच्या कॉन्टिनेन्टल ए-६५ इंजिनाचा उड्डाणातला नेहमीचा ऑइल प्रेशर ३० ते ३५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असतो. तुमचं गेज मास्टर गेजशेजारी (पडताळणीसाठीचं अचूक गेज) जोडलं, तर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ६ पीएसआय जास्त दाखवत होतं. इंजिन बंद असतानाही काटा ६ वर टेकलेला असायचा, आठवतं का? आतली बोर्डन नळी (दाबाने उलगडून काटा फिरवणारी वाकडी नळी) वर्षानुवर्षं दाब झेलून थोडी उलगडलेलीच राहिली होती. म्हणजे इंजिनातला दाब कमी झालेला नाही, तो आधीही ३२ च होता. उड्डाणात हा फरक खुपत नाही, पण आयडलला (इंजिन अगदी कमी वेगात चालताना) किमान १० हवेत. तिथे काट्याने १० दाखवले असते तेव्हा खरे ४ च असते. म्हणून ते गेज तसंच परत द्यायला मी तयार नव्हतो, आणि आजही नाही.

काटा उशिरा उठतो, ही मात्र आमची चूक. इंजिनातून गेजकडे तेल नेणाऱ्या नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला रिस्ट्रिक्टर (तेलाची वाट अरुंद करणारा तुकडा) नव्हता, तो आम्ही बसवला. त्याचं भोक जेमतेम एक मिलिमीटरचं. कंपनांनी तांब्याची नळी तडकली, तर तुमच्या इंजिनातलं पावणेचार लिटर तेल बघता बघता बाहेर जाऊ नये, उतरायला वेळ मिळावा, यासाठी तो असतो. पण नळीत हवा राहिली, की एवढ्या बारीक भोकातून तेल येऊन ती दाबली जाईपर्यंत काटा रेंगाळतो. नळी तेलाने भरून मगच जोडायला हवी होती. ते आमच्याकडून राहिलं, चाचणीचा कागदही तुम्हाला दिला नाही. मनापासून माफी मागतो.

तेलाच्या तापमानाच्या गेजला हात लावलेला नाही. त्याचा बल्ब (तापमान टिपणारं टोक) उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला, २१२ फॅरनहाइट बरोबर दाखवतो. तापमान २२० च्या मर्यादेकडे चढतंय आणि दाब उतरतोय असं दिसलं, तर गेजवर संशय घेत बसू नका, लगेच उतरा.

विमान घेऊन या. नळी भरून देतो, त्याचे पैसे घेणार नाही, आणि मास्टर गेज जोडून दोन्ही काटे तुमच्यासमोर दाखवतो. तोवर रिस्ट्रिक्टर काढू नका, आणि सुरू केल्यापासून ३० सेकंदांत काटा उठला नाही तर इंजिन बंद करा.