तुम्हाला दिल्लीला नेलं तर

राजेहो, राज्य हातचं गेलं म्हणून तोंड लपवायचं कारण नाही. ते रीतसर घालवता आलं पाहिजे, आणि परत मिळाल्यावर मिरवताही आलं पाहिजे. दोन्हींसाठी देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, रामचंद्रदेव यादवांचा कित्ता गिरवा.

गादी वारसाने आली नाही तर रुसू नका. रामचंद्रदेवांचीही आली नव्हती, तिच्यावर चुलतभाऊ आमणदेव बसला होता. १२७१ साली त्यांनी नाचगाण्याच्या मंडळींच्या वेषात आपली माणसं किल्ल्यात घुसवली, भावाला धरलं आणि त्याचे डोळे काढले. प्रजा काय म्हणेल याची चिंता नको. १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या अखेरीस याच राजाचं नाव न्यायाचा पोषणकर्ता म्हणून आलं.

पुढची पायरी म्हणजे फौज घरी ठेवायची नाही. १२९६ मध्ये गंगेकाठच्या कड्याहून दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या अलाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी एलिचपूरमार्गे (आजच्या अचलपूरमार्गे) उतरला, तेव्हा युवराज शंकरदेव मोठं सैन्य घेऊन लांब गेले होते. अलाउद्दीनने वाटेत आवई उठवली की आपण चुलत्यावर नाराज होऊन राजमहेंद्रीकडे नोकरी शोधायला निघालो आहोत. अशा आवयांवर विश्वास ठेवावा. नोकरीच्या शोधातला माणूस हजारो घोडेस्वार बरोबर घेऊन हिंडतोच.

आता रसदीकडे या. फिरिश्ता हा नंतरच्या काळातला फारसी इतिहासकार सांगतो की कोकणातून आलेले व्यापारी घाबरून पोती टाकून पळाले, आणि ती धान्याची समजून लगबगीने किल्ल्यावर चढवली गेली. वेढा आवळल्यावर पोती सोडली तर आत मीठ! ज्या दरबारातल्या हेमाद्रीने कोणतं व्रत कधी आणि कोणतं दान कसं करावं याचा 'चतुर्वर्गचिंतामणी' एवढा जाडजूड ग्रंथ रचला, तिथे पोत्यात बोट घालून चव बघणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. मला ही कथा जरा जास्तच सोयीची वाटते. सगळं मिठावर ढकललं की पहारे कुठे होते, हेर काय करत होते, असलं कुणी विचारत नाही. तुम्हीही तुमचं एखादं पोतं आधीच हेरून ठेवा.

मग तह करा. फिरिश्त्याच्या आकड्यांत सहाशे मण सोनं आणि सात मण मोती आहेत. शिवाय दरसाल एलिचपूरचा वसूल. काही वर्षं भरा, मग थकवा. थकबाकी चांगली साचली की दिल्लीने हाकललेल्या गुजरातच्या कर्ण वाघेल्याला बागलाणात थारा द्या. १३०७ च्या सुमारास, एव्हाना सुलतान झालेल्या अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर दारात उभा राहील. तेव्हा चिरंजीवांना पुढे करा. इसामी या जुन्या फारसी बखरकाराच्या सांगण्याप्रमाणे राजानेच दिल्लीला गुपचूप कळवलं होतं की बंड पोराचं आहे, मी बिचारा त्याच्या कैदेत आहे.

काफूर धरून दिल्लीला नेईल, पण त्या कैदेची धास्ती तर मुळीच नको. दिल्लीत जेमतेम सहा महिने काढावे लागतात. बेड्या, अंधारकोठडी वगैरे मनात आणू नका. हा पाहुणचार आहे. निघताना रामचंद्रदेवांना एक लाख टंका (त्या काळची नाणी), वर छत्र, नवसारीचा मुलूख आणि 'रायरायान', म्हणजे राजांचा राजा, हा किताब मिळाला. घराण्याचं 'प्रौढप्रतापचक्रवर्ती' हे बिरुद होतंच, त्याच्या शेजारी हेही शोभलं. राजा जसा गेला त्याहून भारी होऊन परतला. मधल्या मध्ये राज्य तेवढं दुसऱ्याचं झालं, पण छत्राखाली उभं राहिलं की ते दिसत नाही.

परत आल्यावर हातावर हात ठेवून बसू नका. काफूर काकतीय राजांच्या वरंगळवर निघाला तेव्हा देवगिरीने त्याला रसद दिली, माणसं दिली. त्याच्या लष्करासाठी बाजार भरवला, आणि तोही रास्त भावाचा. धान्य, कापड, घोड्यांचं सामान, सगळं मांडलेलं. १२९६ मध्ये स्वतःच्या शिबंदीला दाणा मिळाला नव्हता, पण अनुभवातून माणूस शिकतो. पुढे होयसळ राजांच्या द्वारसमुद्र या राजधानीवरच्या स्वारीत वाट दाखवायला परशुराम दळवी हा सरदार दिला. होयसळ जुने वैरी होते. त्यांची खोड परस्पर मोडली जात असेल तर ती कुणाच्या झेंड्याखाली, हे काय बघायचं?

आणि दरबारात लिहिणारी माणसं जरूर ठेवा. बीड जिल्ह्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. तिथला १३१० चा ताम्रपट वाचा. त्यात रामचंद्रदेवांनी वाराणसी म्लेंच्छांच्या हातून सोडवली आणि तिथे विष्णूचं देऊळ बांधलं. दिल्लीहून परतून दोन-तीन वर्षंही झाली नव्हती, पण तांब्यावर कोरलं की ते टिकतं.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा, मरण वेळेवर गाठा. रामचंद्रदेवांनी १३११ च्या सुमारास ते साधलं. शंकरदेवांनी गादीवर येताच दिल्लीला जुमानणं सोडलं आणि १३१३ मध्ये काफूरच्या हातून मारले गेले. जावई हरपाळदेवांनी पुन्हा उठाव केला, तर अलाउद्दीनचा मुलगा सुलतान मुबारकशहाने त्यांची जिवंतपणी कातडी सोलवली. चांगलं छत्र, लाखभर टंका, नवसारीसारखा मुलूख घरात चालून आला असताना असली हट्टी माणसं आपल्याच घरात कशी निपजतात, कळत नाही.