नोकियाचा साहेब रडला म्हणून तुम्ही कर्ज काढू नका

'नोकियाचा सीईओ पत्रकार परिषदेत रडत म्हणाला, आम्ही काहीच चूक केली नाही तरी हरलो. नोकियाने टचस्क्रीन नाकारला, बदलली नाही, म्हणून संपली. प्लॅनिंग करत बसू नका, बदला नाहीतर संपाल.' हा मेसेज मी दहा वर्षं बघतोय आणि दहा वर्षं सोडून देतोय. पण गेल्या आठवड्यात तो आमच्या दादाने, म्हणजे चुलतभावाने पाठवला आणि खाली लिहिलं, 'पतसंस्थेत कर्जाचा फॉर्म भरला, फ्लेक्सचं मशीन घेतोय.' त्याची छोटी ऑफसेट प्रेस आहे आणि गावात फ्लेक्सवाले आधीच पाच. म्हणून आता लिहितोच.

संपली? फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचा करार सप्टेंबर 2013 मध्ये जाहीर झाला, कंपनी नाही विकली. नोकिया आजही नेटवर्कची यंत्रसामग्री बनवते, 2022 मध्ये आपल्या जिओ आणि एअरटेल दोघांनीही 5जीसाठी तिला काम दिलं.

टचस्क्रीन नाकारला म्हणे. अहो नोकियाने 7710 हा टचस्क्रीन फोन 2004 मध्येच जाहीर केला होता, आयफोन आला 2007 ला.

आणि 'बदलली नाही' हे तर नोकियाबद्दल कोणी बोलूच नये. 1865 ला कागदाची गिरणी म्हणून सुरू झालेली कंपनी, मग रबरी बूट, केबल, टीव्ही, आणि 1992 ला योर्मा ओलिला सीईओ झाल्यावर बाकीचे धंदे एकेक करून काढून टाकले आणि टेलिकॉमवर सगळं लावलं. स्ट्रॅटेजी म्हणतात ती हीच, काय करायचं आणि त्याहून जास्त म्हणजे काय सोडायचं हे ठरवणं.

आता सगळ्यात वाईट वाक्य, 'काहीच चूक केली नाही'. त्यावेळच्या बातम्यांत हे वाक्य मला कुठेच सापडत नाही. उलट ज्या तेव्हाच्या सीईओच्या, स्टीफन इलॉपच्या तोंडी ते घालतात त्याने फेब्रुवारी 2011 मध्येच कर्मचाऱ्यांना मेमो लिहून सांगितलं होतं की आगीत तेल आपणच ओतलं, आयफोन येऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्या जवळ जाणारा फोन आपल्याकडे नाही. हा माणूस चूक नाही असं कसं म्हणेल?

चूक कुठे झाली ते क्वी हुई आणि टिमो वुओरी या दोन संशोधकांनी शोधलंय. नोकियाचे वरचे आणि मधले मॅनेजर, इंजिनियर, बाहेरचे जाणकार अशा 76 जणांशी बोलून त्यांनी अभ्यास केला, 2016 मध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली या संशोधन मासिकात आला. त्यांना काय दिसलं, तर भीती. वरच्या साहेबांना स्पर्धकांची आणि शेअरहोल्डरची भीती, म्हणून ते खालच्यांच्या मागे घाई लावायचे, आणि मधल्यांना वरच्यांची भीती, म्हणून सॉफ्टवेअर तयार नाही हे खरं कोणी सांगायचंच नाही, 'होतंय साहेब' एवढंच वर जायचं. म्हणजे वर बसलेल्यांना आपल्याच घरात काय शिजतंय ते कळत नव्हतं. आणि हा मेसेज त्याच भीतीचा डोस छोट्या धंदेवाल्याला पाजतोय, विचार करू नको, पळ!

एक मान्य करतो, सिंबियनला, म्हणजे फोन चालवणाऱ्या तिच्या जुन्या सॉफ्टवेअरला, नोकिया फार काळ चिकटून राहिली आणि उशीर झाला. 2007 ला जगातले जवळपास निम्मे स्मार्टफोन तिचे होते, एवढ्यावरून खाली आली म्हणजे उशीर महागात पडलाच. पण उशीर झाला म्हणून कोणतीही उडी बरोबर ठरत नाही.

रविवारी दादाकडे जाऊन दोन वर्षांची बिलबुकं काढली. लग्नपत्रिका निम्म्यावर आल्यात हे खरंय, तो घाबरलाय ते उगाच नाही. पण शाळा आणि सोसायट्यांची पावतीपुस्तकं, रजिस्टरं वाढलीत आणि त्यांचे पैसेही वेळेवर येतात, फ्लेक्सवाल्यांची तर उधारी थकलेली. हे त्याने कधी वेगळं मांडूनच बघितलं नव्हतं. फॉर्म अजून पतसंस्थेतच आहे, पण सही त्याने थांबवलीय आणि या आठवड्यात शाळांच्या क्लार्कना भेटायला निघालाय.