धुरीबद्दलही सांगायला हवे
अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आरएसव्ही या श्वसनमार्गाला बाधा करणाऱ्या विषाणूचा धोका अधिक असतो, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील प्रतिपादन मला मनापासून पटले, कारण माझी नात ३२ व्या आठवड्यात जन्मली आणि नागपुरातला तिचा पहिला हिवाळा आम्ही तिचे श्वास मोजत काढला. आरएसव्हीपासून बचावासाठी बाळांना टोचले जाणारे निर्सेव्हिमॅब ही लस नसून तयार प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी प्रथिने) आहेत, आणि पॅलिव्हिझुमॅब या त्याच प्रकारच्या जुन्या औषधाप्रमाणे दरमहा टोचावे न लागता त्याची एकच मात्रा साधारण ५ महिने संरक्षण देते, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवे. फ्लूची लस ६ महिन्यांआधी देता येत नाही; तोवर घरातल्या मोठ्यांनी ती घ्यावी. आपल्याकडे न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देतात. त्यामागची माया मी जाणते, पण नाजूक फुप्फुसांना धूर सोसत नाही, म्हणून आम्ही ती बंद केली.