ब्रश कटरला दोन पाती लावू नका, तो व्हिडिओ चुकीचा आहे

परवा रात्री साडेनऊला चुलतभावाचा फोटो आला. खाली लिहिलेलं, "दादा, लावलं बघ दुसरं पातं. उद्या बेणणी एका दिवसात उरकतो." बेणणी म्हणजे बागेतलं गवत-झुडपं कापून साफ करणं. फोटोत त्याचा ब्रश कटर, म्हणजे खांद्याला लटकवून गवत कापायचं मशीन, अंगणात आडवा ठेवलेला, आणि नळीच्या टोकाला पातं फिरवणाऱ्या गिअर हेडवर दोन पाती एकावर एक, अधिकच्या चिन्हासारखी. फोटो बोटांनी मोठा केला आणि पोटात गोळाच आला. नट आवळल्यावर दांड्याचे आटे नटाच्या तोंडातून थोडे तरी बाहेर दिसायला पाहिजेत, इथे ते आतच राहिलेले. आणि गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, नाही. काढलेला गार्ड मागे पायरीवर ठेवलेला दिसत होता. तेव्हाच फोन केला आणि म्हटलं मी रविवारी येतोय, तोवर मशीन चालू करायला दोरी ओढायची नाही.

हे सगळं आलं एका व्हिडिओतून. आमच्याकडच्या बागायतदारांच्या निम्म्या ग्रुपवर तो फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की एका मशीनला दोन पाती लावा, काम दुप्पट, पेट्रोल निम्मं, गवत बारीक होऊन झाडाखाली आपोआप खत, दुसरं पातं नीट बसायला गार्ड काढून टाका, आणि कंपन्या हे मुद्दाम सांगत नाहीत कारण त्यांना मोठी मशीनं विकायची असतात. मी राजापूर तालुक्यात गेली अकरा वर्षं पावसाळा संपला की आंबा-काजूच्या बागांची बेणणी घेतो, दिवसाला सहा-सहा तास हे मशीन गळ्यात असतं, म्हणून यावर गप्प बसवत नाहीये.

आधी काम दुप्पट होण्याचं बघू, कारण सगळे त्यालाच भुलतात. बारा इंची दोन टोकांचं पातं मिनिटाला ७००० फेरे मारतं असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण ११७ फेरे, प्रत्येक फेऱ्यात दोन टोकं, म्हणजे सेकंदाला २३० च्या वर घाव. तुम्ही मशीन डावीकडून उजवीकडे झुलवताना हात सेकंदाला एक मीटर गेला तरी दोन घावांमधे जेमतेम ४ मिलिमीटर अंतर राहतं. आता दुसरं पातं लावून ते २ मिलिमीटर केलंत, तर जास्त काय कापलं जाणार? गवताची काडी पहिल्या घावालाच पडलेली असते. काम किती होतं हे तुम्ही किती रुंद झुलवता, किती पावलं टाकता आणि पात्याला धार आहे का यावर ठरतं. बोथट पात्याने दिवसभर रेटणारे मी बघितलेत, त्यांनी दर टाकीमागे कानस मारली तरी काम पटापट व्हायला लागेल, दुसऱ्या पात्याचे पैसे घालायची गरजच नाही.

पेट्रोल निम्मं लागेल हे तर कुठून काढलं कळत नाही. दुप्पट वजन फिरवायचं, हवा दुप्पट कापायची, आणि तेल कमी? आपल्या मशीनमधे पात्याला ताकद पोचते ती सेंट्रिफ्युगल क्लचमधून, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की आपोआप पकडणाऱ्या क्लचमधून. पातं जड झालं की दर वेळी ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्लच जास्त वेळ घसरतो, तापतो आणि जळतो. एका सीझनमधे कळेल.

आता फोटोतला नट. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. गिअर हेडवर पातं जिथे बसतं तिथे एक गोल उंचवटा असतो, एक इंची, आणि पात्याचं भोक बरोब्बर त्यावर बसतं. पातं मधोमध राहतं ते त्या उंचवट्यामुळे, नटामुळे नाही. हा उंचवटा एकाच पात्याच्या जाडीचा असतो. खालचं पातं त्यावर बसत नाही, नुसतं दाबाने चिकटून राहतं, म्हणजे ते एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकलेलंच असणार. ३५० ग्रॅमचं पातं एक मिलिमीटर सरकलं तर ७००० फेऱ्यांना ते गिअर हेडला जवळजवळ १९ किलोचा हिसका देतं, आणि तो सेकंदाला ११७ वेळा. हाताला मुंग्या येतात त्या यानेच येतात, आणि बेअरिंग जातात ती पण यानेच. त्यात नट. तो उलट्या आट्यांचा असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण बऱ्याच मशीनला त्याच्या तोंडाशी नायलॉनची रिंग असते ती कोणी बघत नाही. आटे त्या रिंगमधून आरपार गेले तरच नट लॉक होतो. दोन पाती घातलीत की आटे रिंगपर्यंत पोचतच नाहीत. तो नट कितीही आवळा, लॉक झालेला नाही, आणि त्याच्या भरवशावर तुम्ही जे फिरवताय त्याच्या टोकाचा वेग ताशी ४०० किलोमीटर आहे. आपल्या पायापासून हातभर अंतरावर.

त्यावर आणखी गार्ड काढायचा म्हणे! आपल्या बागा काही लॉन नाहीत. कातळ, जांभ्याचे तुकडे, पडलेल्या गडग्याचे चिरे, रानमोडीची खुंटं, हे सगळं गवतात लपलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याच कामावर, एकच पातं, गार्ड लावलेला, सगळं नियमाने, तरी सुपारीएवढा जांभ्याचा तुकडा उडाला आणि आठ-दहा पावलांवर गवत गोळा करणाऱ्या मावशींच्या नडगीवर बसला. लुगड्यावरून लागूनसुद्धा चार टाके पडले. तेव्हापासून मशीन चालू असताना १५ मीटरच्या आत कोणाला उभं राहू देत नाही, मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तकातही तेच १५ मीटर लिहिलेलं असतं. तेव्हा गार्ड नसता तर तो दगड मावशींच्या आधी चालवणाऱ्या मुलाच्या पायात गेला असता. आणि पातं दगडावर किंवा खुंटावर आपटलं की मशीन उसळतं, खास करून वरून बघताना घड्याळाच्या १२ ते ३ या भागात आपटलं तर. जड पात्यात जोर जास्त साठलेला असतो, उसळीही तेवढीच मोठी. हात सोडल्यावर थांबायलाही जास्त वेळ लागतो. अमेरिकेत घरगुती, मागून चालत ढकलायच्या मोवरला (लॉन कापायच्या मशीनला) १९८२ पासून नियम आहे की हँडल सोडल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे, म्हणजे पातं फिरत राहण्याचा धोका किती धरलाय बघा.

कोणी म्हणेल तू उगाच घाबरवतोयस. तर हे ऐका. या मशीनना पात्याच्या जागी लोखंडी साखळीचे तुकडे जोडलेलं एक डोकं मिळायचं, झुडपं झोडपायला. ब्रिटनमधे त्याची कडी तुटून उडाली आणि माणूस मेला. मग १९ जानेवारी २०१२ ला युरोपियन कमिशनने निर्णय काढून सगळ्या सदस्य देशांना अशी जोडणी बाजारात आणायला बंदी करायला लावली. कारण हे, की एकसंध पात्यापेक्षा अशा जोडणीचे तुकडे उडायचा आणि दगड उडायचा धोका खूपच जास्त, आणि हातात धरायच्या मशीनचा गार्ड तो मार अडवण्यासाठी बनवलेलाच नसतो. मान्य, दोन पाती म्हणजे साखळी नव्हे, आणि त्या निर्णयात दोन पात्यांचा शब्द नाही. पण या मशीनचा गार्ड, नट, दांडा सगळं एका एकसंध पात्याच्या हिशोबाने केलेलं असतं, हा मुद्दा तोच आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल, मनात नसताना. दोन पाती लावायचा प्रकार हवेतून आलेला नाही. अमेरिकेत लॉनची कंत्राटं घेणारे लोक बसून चालवायच्या मोठ्या, जागच्या जागी वळणाऱ्या झिरो टर्न मोवरला खरंच दोन-दोन पाती लावतात, तिथे त्याला डबल्सच म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे झाडांची पानं पडतात ती बारीक चुरा करून लॉनमधेच जिरवायला. ते चालतं, आणि चुरा खरंच छान होतो. बहुधा त्या व्हिडिओतला पहिला तुकडा तसल्याच मशीनचा आहे, लाल रंगाचं बसायचं मशीन दोन सेकंद दिसतं, आणि मग एकदम आपला ब्रश कटर. पण त्या मशीनचं इंजिन वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचं किंवा त्याहून मोठं, पाती जाड पत्र्याच्या डेकखाली झाकलेली, बोल्ट लागला तर लांब घालतात, आणि माणूस वर बसलेला. आपलं ५२ सीसीचं मशीन दोन-अडीच हॉर्सपॉवरचं आणि खांद्याला लटकवलेलं. शिवाय तिथलेही बरेच जण ओल्या, उंच गवताला डबल्स काढून ठेवतात कारण गवत डेकमधे गच्च बसतं आणि इंजिन दमतं. आपल्याकडे दसऱ्याला गवत कसं असतं ते सांगायला नको. आणि ब्रश कटरने गवताचा चुरा होणारच नाही, डेकच नाही तर गवत पुन्हा पात्यात येणार कुठून? ते एकदा कापलं की बाजूला पडतं.

कंपन्या लपवतात म्हणे. पुस्तक उघडा, एक पातं आणि ते कसं बसवायचं याचं चित्र काढलेलं असतं. त्यात लपवलेलं काही नाही.

रविवारी गेलो. नट मी हाताने, पाना न लावता, अर्धा फेरा फिरवला. भावाने फोन यायच्या आधी अंगणातच दहा मिनिटं मशीन चालवून बघितलं होतं, गवतात नेलंही नव्हतं. खालचं पातं काढून भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं तर एका बाजूला धातू घासून चकाकत होता आणि कड बोटाला टोचत होती. भाऊ बघत होता, काही बोलला नाही, आत जाऊन गार्ड आणि त्याचे दोन स्क्रू घेऊन आला.

तुमच्यापैकी कोणी दोन पाती लावून मशीन चालवलं असेल तर नुसतं एक पातं काढून पुन्हा सुरू करू नका. स्पार्क प्लगची टोपी काढा, गिअर हेडचा दांडा धरून वरखाली आणि आजूबाजूला हलवून बघा, ढिला लागला तर बेअरिंग गेलेलं आहे. नायलॉनचा नट एकदा असा ढिला चाललेला असेल तर नवीन घ्या, वीस-तीस रुपयांचा प्रश्न आहे. पात्याच्या भोकाजवळ केसासारखी चीर दिसते का ते उन्हात धरून बघा, आणि दिसली तर ते पातं भंगारात द्या, खुरपं करायलासुद्धा ठेवू नका, कारण कोणीतरी पुढच्या वर्षी तेच उचलून परत मशीनला लावतो.