थ्रू प्रॉपर चॅनल

दुपारी भाचीचा फोन आला तेव्हापासून डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

मुलगी टी.वाय.ला आहे, केमिस्ट्री. एक शोधनिबंध वाचताना तक्त्यातला एक आकडा आणि खालचा आलेख तिला जुळेना. पुन्हा पुन्हा गणित करून पाहिलं, तरी जुळेना. मग निबंधावर छापलेल्या पत्त्यावर लेखिकेला तिने मेल टाकला. मॅडम, इथे ऋण चिन्ह राहिलंय की माझं काही चुकतंय? बाईंचं उत्तर आलं. चिन्ह राहिलंय, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. कार्टी आनंदाने तो मेल दाखवायला विभागप्रमुखांकडे गेली, आणि साहेब काय म्हणाले? "कोणाला विचारून मेल केलास? या गोष्टी थ्रू प्रॉपर चॅनल जायला हव्यात. उद्या कॉलेजचं नाव खराब होईल." वर लेखी खुलासा मागितलाय. खुलासा! प्रयोगशाळेतली ब्युरेट चोरल्यासारखा.

अहो साहेब, तुम्ही ज्या फॅरडेच्या विद्युत-विघटनाच्या नियमांवर दरवर्षी गणितं घालता, तो फॅरडे कोण होता? बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा पोरगा. १८१२ साली कोणीतरी तिकिटं दिली म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची चार व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्याच्या टिपणांची वही करून, स्वतःच्या हाताने बांधून, त्याने ती पत्रासोबत थेट डेव्हीला पाठवली. डेव्ही म्हणजे तेव्हाचं इंग्लंडमधलं रसायनशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. ऐन नाताळच्या आदल्या दिवशी डेव्हीने उत्तर लिहिलं: गावाला जातोय, जानेवारीअखेर परत येईन, मग भेटू. मार्चमध्ये फॅरडे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. यात चॅनल कुठे आहे, मला दाखवा.

त्याआधी त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांनाही लिहिलं होतं. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. प्रॉपर चॅनल म्हणतात ते बहुधा हेच.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती आठवूनच मला जास्त राग येतोय. नव्वदच्या आसपास मी तालुक्याच्या गावी बी.एस्सी. करत होते. ऑर्बिटल, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन कुठे असू शकतो ते, शिकवताना 'सायचा वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता' असं फळ्यावर आलं. (साय म्हणजे ψ हे ग्रीक अक्षर, इलेक्ट्रॉनच्या लाटेचं गणिती चिन्ह.) वर्गच का? घन का नाही? मी सरांना विचारलं. सर थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला येत नाही बाई. तुम्ही त्यांना लिहा." 'त्यांना' म्हणजे विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना. सरांनी खणातून कोरं इनलँड पत्र काढून दिलं, पत्ता सांगितला आणि वर म्हणाले, माझं नाव घातलं नाहीत तरी चालेल. आमचे सर काही थोर संशोधक नव्हते. साधे मास्तर होते, पंचायत समितीतल्या कारकुनासारखे दिसायचे. पण त्यांना खुलासा मागायचं सुचलं नाही.

बरं, पुढे. अँपिअर घ्या. तोच, ज्याच्या नावाने घरातला फ्यूज ओळखतो. हा पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवायचा. फ्रान्स-इंग्लंडचं युद्ध चालू. आणि हा गणिताचा मास्तर शत्रूच्या देशातल्या डेव्हीला पत्र लिहून काय सांगतो? तर, म्युरिअॅटिक आम्ल (आजचं हायड्रोक्लोरिक) म्हणजे हायड्रोजन आणि क्लोरीन असं तुम्ही म्हणता ना, मग फ्लोरिक आम्लही (आजचं हायड्रोफ्लोरिक) तसंच असणार, हायड्रोजन आणि कोणालाच न सापडलेलं एखादं मूलद्रव्य. १८१२च्या पत्रात त्याने नावही सुचवलं, क्लोरीनच्या धर्तीवर. फ्लोरिन! डेव्हीने ते नाव घेतलं आणि १८१३च्या निबंधात अँपिअरचं ऋण छापून मान्य केलं. प्रत्यक्ष फ्लोरिन वेगळं करायला १८८६ उजाडलं, मॉयसाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. मधल्या काळात त्या आम्लापायी कित्येकांनी शरीराची वाट लावून घेतली, काही जिवानिशी गेले. म्हणजे मूलद्रव्य हाती येण्याच्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षं आधी त्याचं बारसं पत्रातून झालं, आणि तेही एका गणितवाल्याने केलं. आमच्या भाचीचे विभागप्रमुख तिथे असते तर म्हणाले असते, तुमचा विषय काय, तुमचं पद काय, आणि शत्रुराष्ट्राशी पत्रव्यवहाराची परवानगी आहे का?

हा अँपिअर एवढ्यावर थांबला नाही. १८१४ साली त्याने रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेला एक लांबलचक पत्र लिहिलं, ते छापूनही आलं. सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये कणांची संख्या सारखी, आणि अणू अमुक भौमितिक आकृतीत मांडलेले, वगैरे. त्यातला पहिला भाग इटलीच्या अॅव्होगाड्रोने तीन वर्षं आधीच मांडला होता, ते सोडा. रसायनात भूमिती घालून बघायची हौस बघा.

आणि उलट बाजूनेही पत्रं जायचीच की. १८२२ साली फॅरडे याच अँपिअरला लिहितो की मला गणित येत नाही हे माझं दुर्दैव, तुमच्या अमूर्त मांडणीत मला सहज शिरता येत नाही, मला एकेका प्रयोगाला चाचपत पुढे जावं लागतं. तोवर फॅरडेचं नाव झालेलं होतं हो! झालेल्या नावाचा माणूस परक्या देशातल्या माणसाला 'मला येत नाही' लिहितो. आमच्याकडे चतुर्थ श्रेणीपासून प्राचार्यांपर्यंत हे वाक्य कोणाच्या तोंडून निघत नाही. आमच्या सरांच्या तोंडून निघालं होतं, म्हणून तर ते अजून लक्षात आहेत.

त्या प्राध्यापकांना मी पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं ते प्रॅक्टिकलच्या तासाला. शिपाईमामा आत येऊन मोठ्याने माझं नाव पुकारते झाले आणि माझ्या तोंडात पिपेट, द्रव मोजून घ्यायची काचेची नळी. तेव्हा आम्ही तोंडानेच ओढायचो. दचकून जरा जास्त ओढलं गेलं आणि ऑक्झॅलिक अॅसिड जिभेवर. थुंकणं, चुळा भरणं, बाईंचं ओरडणं. मग तशाच ओल्या हातांनी इनलँड फोडलं, त्यावर परमँगनेटचा जांभळा डाग पडला. आता तो तपकिरी झालाय. तिन्ही घड्या भरून लिहिलेलं, जागा संपली तर समासात आडवं. 'कु. अमुक यांस, स.न.वि.वि.' अशी सुरुवात. प्रकाशाची तीव्रता लाटेच्या उंचीच्या वर्गावर अवलंबून असते, तिथून त्यांनी मला हाताला धरून नेलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की यातल्या अखेरच्या पायरीचं समाधान होईल असं कारण मलाही देता येत नाही, तसं धरलं की प्रयोगाशी जुळतं, एवढंच. खाली एक ओळ: गणित सोडू नका. (सोडलं. तो वेगळा विषय.)

बघा, लिहिता लिहिता राग उतरायला लागला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरचं पत्र आठवलं की तर हसूच येतं. फेब्रुवारी १८२८, बर्लिनहून त्याने स्टॉकहोमला आपल्या गुरूला, बर्झेलियसला कळवलं की माझं रासायनिक पाणी आता धरवत नाही, मूत्रपिंडाशिवाय, माणसाच्या किंवा कुत्र्याच्या, मी युरिया (लघवीतला घटक) बनवू शकतो! गुरूला असं लिहिता येणं म्हणजे काय चीज आहे. युरिया सगळे शिकवतात, ही थट्टा कोणी सांगत नाही.

हो, माहीत आहे, कमेंटमध्ये कोणीतरी म्हणणारच. मोठ्या लोकांना रोज ढिगाने मेल येतात, त्यातले निम्मे 'माझा प्रोजेक्ट करून द्या' आणि उरलेले 'मी आइन्स्टाइनला खोटं पाडलंय' असे. मान्य. तेव्हाही सगळं गोड नव्हतं. त्याच डेव्हीने १८२४ साली फॅरडेला रॉयल सोसायटीत घ्यायला विरोध केला. टपालखर्चही तिकडे बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावा लागायचा, म्हणजे उत्तर देणं दूरच, आलेलं पत्र उघडायलाही पैसे. तरी देत होते ना उत्तरं?

आणि फ्रेंच गणितज्ञ सोफी जेर्मेन. १८०४ साली पॅरिसमधून जर्मन गणितज्ञ गाउसला संख्या सिद्धांतावर (पूर्णांकांच्या गणितावर) पत्रं लिहायची तर 'मस्य (म्हणजे श्रीयुत) लब्लाँ' असं पुरुषाचं नाव घेऊन. बाई म्हणून कोणी मनावर घेणार नाही ही भीती. १८०६ला फ्रेंच फौजा ब्रन्सविकवर गेल्या तेव्हा गाउसचं आर्किमिडीजसारखं (त्याला रोमन सैनिकाने मारलं होतं) काही होऊ नये म्हणून तिने ओळखीच्या सेनापतीला सांगून त्याची चौकशी करवली, आणि त्यातून तिचं खरं नाव फुटलं. गाउस काय म्हणाला असेल? खुलासा द्या? १८०७च्या पत्रात त्याने लिहिलं की रूढी आणि पूर्वग्रहांमुळे बाईच्या वाटेत पुरुषापेक्षा कितीतरी जास्त अडथळे असतात, ते ओलांडून जी इथवर पोचते तिच्यात असामान्य बुद्धी आणि धैर्य असणार. पुढे त्याने उत्तरं देणं थांबवलं, हे खरं. ते मला आजही खटकतं. पण आधी दिली होती.

दोनशे वर्षांनी आमच्या पोरीने स्वतःच्या नावाने मेल केला तर तिला केबिनमध्ये उभं केलं. हे टाइप करतानाही हात थरथरतोय. चूक कोणाची सापडली, आभार कोणी मानले, आणि खुलासा कोण देणार!

ती खुलासा देणार आहे. इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात आहेत, आणि तिने काय करावं हे मी फेसबुकवरून ठरवू शकत नाही.

मी एवढंच करू शकते. बरीच वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आहेत. टायट्रेशन, बफर, एचपीएलसी, एंड पॉइंट का हुकतो, यातलं तुमच्या मुलांना काही अडलं असेल तर त्यांना सांगा, मला थेट इनबॉक्स करा. कोणाची परवानगी नको, ओळख नको. रविवारी उत्तरं लिहीन. येत नसेल तर येत नाही म्हणून लिहीन. गणिताचं मात्र विचारू नका, वर कबूल केलंय तसं ते सुटलेलं आहे.